क्रीडांगणावरील आचार्य

विद्या देतो तो गुरू, हे आपणां सर्वांस मान्य आहे. परंतु कोणती विद्या देणाऱ्यास गुरू म्हणावे, हा प्रश्न निघाला म्हणजे आपल्या सुशिक्षित घरांतून मोठा संकोच दिसून येतो. व्याकरण, गणित, इतिहास शिकविणारा गृहस्थ गुरू खरा. गायनवादन शिकविणाऱ्यासही आता तो मान मिळू लागला आहे. परंतु मुलास धावावयास, पडावयास आणि पडल्यावर रडत न बसता उठावयास शिकविणारा जो गृहस्थ असतो, त्यास आपण फार झाले तर 'ड्रिलमास्तर' म्हणतो, आणि तेही बहुधा एकेरी स्वरात. शाळाखात्यात आमची हयात गेली. परीक्षा जवळ आली की वेळापत्रकातील पहिला बळी ड्रिलच्या तासाचा पडे, आणि ड्रिलमास्तरांकडे घंटा देणे, रांगा लावणे व फीची पावती फाडणे ही कामे येत. मुलांना मात्र शाळा सोडून तीस वर्षे झाली तरी त्या मास्तरांचेच नाव आधी आठवते, असा आमचा अनुभव आहे. यात मुलांचे चुकते की आपले, याचा विचार करण्यासारखा आहे.

तो विचार सोपा व्हावा म्हणून या महिन्यात आम्ही वाचकांपुढे अमेरिकेतील एका क्रीडाशिक्षकाचे चरित्र ठेवीत आहोत. अमोस अलोंझो स्टॅग हे त्यांचे नाव. सन १८६२ मध्ये त्यांचा जन्म झाला आणि १९६५ मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी, ते वारले. या दीर्घ आयुष्यातील सुमारे अडुसष्ट वर्षे त्यांनी कॉलेजांतील तरुणांस फुटबॉल शिकविण्यात घालविली. आपल्याकडे दादाभाई नौरोजींस जी पदवी प्रेमाने दिली जाई, तीच 'ग्रँड ओल्ड मॅन' ही पदवी अमेरिकेत त्या खेळाच्या क्षेत्रात स्टॅग यांस मिळाली होती.

प्रथम त्या खेळाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपल्या मुलांचा पायाने खेळावयाचा फुटबॉल नव्हे. त्याचा चेंडू नारळासारखा लांबट असतो आणि तो मुख्यतः हातात धरून न्यावयाचा असतो. दोन्हीकडे अकरा अकरा गडी. मैदान शंभर यार्ड लांबीचे. त्याच्या टोकाची रेषा ओलांडून चेंडू पलीकडे नेला की गुण मिळतात. चेंडू नेणाऱ्यास प्रतिपक्षाने अंगावर झेप घालून खाली पाडावयाचे. पाडला की तो डाव संपला, आणि पुन्हा समोरासमोर रांगा लावून नवा डाव सुरू. चार डावांत दहा यार्ड सरकता आले नाही तर चेंडू दुसऱ्या पक्षाकडे जातो. हुतूतूतील झटापट आणि बुद्धिबळातील मांडणी यांचा संयोग कल्पिला, म्हणजे या खेळाची बरीचशी कल्पना येईल. यातील मांडणीच्या भागामुळे शिक्षकास, म्हणजे तिकडील भाषेत 'कोच' यास, विलक्षण महत्त्व येते. कोणत्या गड्याने कोठे उभे राहावे, कोणी कोणास अडवावे, चेंडू कोणाच्या हाती द्यावा आणि कोणाच्या हाती दिल्याचा भास करावा, हे सारे आधी शिकवावे लागते.

स्टॅग यांचे वडील न्यू जर्सी प्रांतातील वेस्ट ऑरेंज या गावी जोडे शिवण्याचा धंदा करीत. आठ मुलांचे कुटुंब, मिळकत बेताची. त्यामुळे मुलाचे शिक्षण रखडत झाले. येल येथील प्रख्यात कॉलेजात तो दाखल झाला तेव्हा त्याची विशी उलटून गेली होती. माधुकरी मागून आणि वार लावून शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या कथा आपल्या घराघरांत सांगितल्या जातात. त्यांतच शोभेल असे या मुलाचे विद्यार्थिजीवन होते. शेगडीवाचून माळ्यावरच्या खोलीत राहावे, कोरड्या बिस्किटांवर दिवस काढावे आणि पडेल ते काम करून फी भरावी, असा क्रम होता. धर्मोपदेशक व्हावे, ही मनातली इच्छा होती.

परंतु त्याच्या अंगी दुसराच एक गुण होता. येलच्या बेसबॉल संघाचा तो पहिल्या प्रतीचा गोलंदाज ठरला. बेसबॉलचे धंदेवाईक संघ त्या काळीही पैसा देत, आणि अशा अनेक संघांनी या दरिद्री विद्यार्थ्यापुढे हजारो डॉलर्सचे आमिष ठेविले. त्याने प्रत्येक वेळी नकार दिला. खेळ हा विद्यार्थ्याच्या घडणीसाठी आहे, पोट भरण्यासाठी नव्हे, असे त्याचे मत बनले होते. पोटभर अन्नाचीही ज्यास भ्रांत, त्याने असे मत धरून राहणे ही लहान गोष्ट नव्हे. फुटबॉलमध्येही त्याने असेच नाव काढले. १८८८ सालच्या येलच्या ज्या संघात तो होता, त्याने त्या हंगामात ६९८ गुण मिळविले आणि प्रतिपक्षांस एकही मिळू दिला नाही. पुढील वर्षी साऱ्या अमेरिकेतील उत्तमोत्तम अकरा खेळाडूंची जी पहिली यादी प्रसिद्ध झाली, तीत त्याचे नाव होते.

धर्मशास्त्राचा अभ्यास सुरू असता स्टॅग यांस एक गोष्ट कळून चुकली, ती ही की, आपणांस चांगले बोलता येत नाही. व्यासपीठावर उभे राहिले की जीभ अडखळे. उपदेशकास वाणी नसली तर उपदेश कसा व्हावा? दुसरा एखादा निराश झाला असता. यांनी असे ठरविले की, जे व्यासपीठावरून सांगता येत नाही ते मैदानावरून सांगावे. १८९० साली ते स्प्रिंगफील्ड येथील वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणसंस्थेत गेले आणि तेथे त्यांनी फुटबॉलचा संघ उभा केला. त्यांचे तेथील एक सहकारी जेम्स नेस्मिथ. १८९१ च्या डिसेंबरात हिवाळ्यातील करमणुकीसाठी याच नेस्मिथ यांनी बास्केटबॉल हा खेळ शोधून काढला, जो आज आपल्या शाळांच्या पटांगणांतूनही खेळला जातो. त्याचा पहिला जाहीर सामना १८९२ च्या मार्चमध्ये शिक्षक विरुद्ध विद्यार्थी असा झाला. शिक्षक पाच विरुद्ध एक असे हरले, आणि शिक्षकांकडील तो एकमेव गुण स्टॅग यांनी मिळविलेला होता!

याच सुमारास शिकागो येथे एक नवे विद्यापीठ निघत होते. त्याचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर हे मोठे भाषापंडित. येल येथे ते स्टॅग यांचे शिक्षक होते. त्यांनी आपल्या या शिष्यास बोलावून शारीरिक शिक्षणाचे खाते त्याच्या हवाली केले. यातील महत्त्वाची गोष्ट वेतनाची नव्हे, जरी २,५०० डॉलर्स हे वेतन त्या काळी बरेच होते. महत्त्वाची गोष्ट ही की, हार्पर यांनी त्यांस इतर विषयांच्या प्राध्यापकांच्या पंक्तीस बसविले आणि त्यांच्यासारखीच कायमची जागा दिली. इतर कॉलेजांतून फुटबॉलचा शिक्षक हंगामापुरता बोलावीत आणि हंगाम सरला की निरोप देत. शिकागोत मात्र ग्रीक शिकविणारा आणि चेंडू फेकावयास शिकविणारा हे दोघे एकाच सभेत शेजारी बसू लागले. ड्रिलमास्तरांच्या हाती घंटा देणाऱ्या आम्हां लोकांस हे वाचून काही वाटावयास हवे.

विद्यापीठ १८९२ च्या ऑक्टोबरात उघडले. पुढील वर्षी त्याच्या लगतच जे विश्वप्रदर्शन भरले, त्याच्याच निमित्ताने शिकागोत सर्वधर्मपरिषद झाली आणि स्वामी विवेकानंदांचा आवाज साऱ्या जगास ऐकू गेला. बलहीनांच्या हातून धर्म घडत नाही असे आपल्या तरुणांस बजावणारा तो संन्यासी आणि व्यासपीठ सोडून मैदानाकडे वळलेला हा धर्मशास्त्राचा विद्यार्थी, हे दोघे त्या हंगामात एकाच शहरात होते, हा योग आम्हांस मोठा मनोरम वाटतो.

शिकागोत स्टॅग यांनी एकेचाळीस वर्षे काढली. आरंभी खेळाडू इतके थोडे होते की, शिक्षकांस स्वतः संघात उतरून खेळावे लागले. पुढे त्यांच्या कल्पकतेने खेळाचे रूपच पालटले. गड्यास पाडण्याचा सराव जिवंत मित्रावर न करता गादीच्या गुंडाळीवर करावा, ही युक्ती त्यांचीच. डाव सुरू होण्यापूर्वी गड्यांनी घोळका करून गुप्तपणे सल्लामसलत करणे, सदऱ्यावर क्रमांक लावणे, गोलाच्या खांबांस इजा टाळण्यासाठी गाद्या बांधणे, अशा अनेक गोष्टींचे जनकत्व त्यांजकडे दिले जाते. नोटर डेमचे नामांकित कोच नूट रॉक्नी हे तर साऱ्या फुटबॉलचे मूळ स्टॅग यांच्यापाशी असल्याचे सांगत. खेळाचे नियम ठरविणाऱ्या समितीवरही स्टॅग वर्षानुवर्षे होते. आणि १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी त्यांनी अमेरिकेच्या धावपटूंस शिकविले.

त्यांची शिकविण्याची रीत कडक होती. ते विडी ओढीत नसत, मद्यास शिवत नसत आणि अपशब्द उच्चारीत नसत. एखाद्या गड्याने फारच घोळ घातला तर ते त्यास 'गाढव' म्हणत. घोळ असह्य झाला तर 'दुप्पट गाढव' म्हणत. याहून वाईट शब्द त्यांच्या कोशात नव्हता. त्यांची पत्नी स्टेला ही शिकागोचीच विद्यार्थिनी. १८९४ साली त्यांचा विवाह झाला. ही बाई सामन्याच्या वेळी वरच्या सज्जात बसून प्रत्येक डावाची टिपणे घेई, आणि रात्री पतिपत्नी त्या टिपणांवरून पुढच्या सामन्याची मांडणी करीत. संसार आणि व्यवसाय यांची अशी एकवाक्यता क्वचित पाहावयास मिळते.

येथवरचे चरित्र वाचून वाचकांस वाटेल की आम्ही केवळ स्तोत्र गात आहोत. तसे नाही. या कथेस एक काळी बाजू आहे, आणि ती सांगितल्याशिवाय चरित्राचा बोध पुरा होत नाही.

१९०५ सालची गोष्ट घ्या. त्या वर्षी ३० नोव्हेंबर रोजी शिकागोचा सामना मिशिगन विद्यापीठाशी झाला. मिशिगनचा संघ १९०१ पासून ५६ सामने अजिंक्य होता, आणि त्या हंगामात तर त्याच्यावर कोणी एक गुणही चढविला नव्हता. सामना अत्यंत चुरशीचा झाला. शेवटच्या भागात मिशिगनचा एक गडी आपल्याच रेषेमागे चेंडू घेऊन पळू लागला असता शिकागोच्या गड्यांनी त्यास मागे रेटून पाडले. या चुकीचे दोन गुण मिळतात. शिकागो दोन विरुद्ध शून्य असे जिंकले आणि शहरात आनंदीआनंद झाला. परंतु तो पडलेला मुलगा वर्तमानपत्रांतून पराभवाचा धनी ठरला, आणि त्या एका क्षणाने पुढे त्याची पाठ कधीच सोडली नाही. वीस-बावीस वर्षांच्या पोरावर खेळातील एका पावलाचे एवढे ओझे पडावे, यास खेळ कसे म्हणावे?

त्याच हंगामात अमेरिकेत सुमारे अठरा तरुण फुटबॉल खेळताना दगावले. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी मोठ्या कॉलेजांच्या प्रतिनिधींस बोलावून खेळ सुधारण्यास बजावले. १९०६ पासून नियम बदलले. चेंडू पुढे फेकण्याची मुभा मिळाली, त्यामुळे नुसत्या रेटारेटीस थोडा आळा बसला. स्टॅग हे या सुधारणांच्या कामात होते. परंतु दुसरा रोग नियमांनी बरा होण्यासारखा नव्हता. तो रोग म्हणजे पैसा आणि प्रसिद्धी. शिकागोच्या मैदानावर पुढे पन्नास हजारांच्या बैठका झाल्या. तिकिटांचा पैसा ओघाने येऊ लागला आणि त्यावर स्टॅग यांच्या खात्याची हुकमत चाले. १९०५ च्या विजयी संघाचा जो सर्वांत नामांकित वीर, वॉल्टर एकर्सल, त्याचे नाव देशभर झाले. परंतु विद्यापीठाची पदवी काही त्याच्या हाती पडली नाही. स्वतः पैशास न शिवलेल्या, धर्मोपदेशक होऊ इच्छिणाऱ्या गुरूच्या डोळ्यांदेखत हे घडले. खेळ विद्यार्थ्यासाठी, असे ते मनापासून म्हणत. परंतु विद्यार्थी खेळासाठी, असे होऊ लागले तेव्हा ते त्यास अडवू शकले नाहीत. आम्हांस वाटते, त्यांच्या चरित्रातील हे खरे वैगुण्य होय, आणि ते त्यांचे एकट्याचे नव्हे. आपल्याकडेही शाळेचा निकाल शेकडा किती, याचे आकडे जेव्हा फाटकावर झळकू लागतात, तेव्हा मुलगा निकालासाठी की निकाल मुलासाठी, हाच प्रश्न वेगळ्या वेषात उभा राहतो.

असो. १९३२ साली स्टॅग यांनी सत्तरी गाठली. विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे त्यांनी निवृत्त व्हावे असे ठरले. त्या वेळी अध्यक्षपदी रॉबर्ट हचिन्स हे तरुण विद्वान होते. वयाच्या तिसाव्या वर्षी त्यांस ती जागा मिळाली होती, आणि विद्यापीठाचे काम ग्रंथ वाचणे व विचार करणे एवढेच, अशी त्यांची धारणा होती. म्हाताऱ्यास अगदीच वाऱ्यावर सोडले असे नव्हे. मानाची, वेतनाची, परंतु शिकविण्याचे काम नसलेली जागा देऊ केली होती. स्टॅग यांनी ती नाकारली. कामावाचून पगार घेणे त्यांस मानवेना. आणि मैदानावर मुले नसतील तर आपण जगावे कशासाठी, हे त्यांस कळेना.

सत्तराव्या वर्षी माणसाने काय करावे, याविषयी आपल्याकडे शास्त्र आहे: संसार मुलांच्या हाती सोपवावा आणि मन आवरून घ्यावे. त्या शास्त्राचा आम्ही आदर करतो. परंतु एकत्र कुटुंबांतून आम्ही जे पाहतो ते बहुधा वानप्रस्थ नसते. तो असतो ओसरीवरचा झोपाळा, हातातील वर्तमानपत्र आणि कोणी काही विचारीत नाही ही तक्रार. पद गेले म्हणजे विद्याही गेली, असे घरचे मानतात, आणि काही दिवसांनी म्हातारा स्वतःही तसेच मानू लागतो. स्टॅग यांनी तसे मानले नाही. त्यांनी बायकोसह सामान बांधले आणि सुमारे दोन हजार मैल दूर, कॅलिफोर्नियातील स्टॉक्टन येथील 'कॉलेज ऑफ द पॅसिफिक' या लहानशा कॉलेजात १९३३ साली नव्याने शिकविण्यास आरंभ केला. तेथे ना पन्नास हजारांच्या बैठका, ना पैसा. मुले साधी, आणि साधनेही तुटपुंजी.

यापुढे जे घडले ते एखाद्या नाटककाराने रचले असते तर अतिरेक वाटला असता. १९३८ च्या नोव्हेंबरात स्टॅग आपला हा लहान संघ घेऊन शिकागोस सामन्यास गेले. ज्या मैदानास त्यांचे नाव दिलेले होते, त्याच 'स्टॅग फील्ड'वर त्यांच्या नव्या शिष्यांनी त्यांच्या जुन्या विद्यापीठास ३२ विरुद्ध शून्य असे हरविले. पुढच्या वर्षी शिकागोची दशा आणखी केविलवाणी झाली; ज्या मिशिगनला त्यांनी १९०५ साली नमविले होते, त्याच मिशिगनने त्यांच्यावर ८५ गुण चढविले आणि स्वतःवर एकही चढू दिला नाही. १९३९ च्या डिसेंबरात विद्यापीठाने फुटबॉल बंदच करून टाकला. स्टॅग यांनी चाळीस वर्षे खपून उभारलेले देऊळ असे मूर्तीसह काढून टाकले गेले.

ओस पडलेल्या त्या मैदानाचे पुढे काय झाले, तेही सांगण्यासारखे आहे. पश्चिमेकडील बैठकांच्या खाली रॅकेटने खेळण्याची एक बंदिस्त जागा होती. युद्धाच्या धुमाळीत, १९४२ च्या २ डिसेंबर रोजी, एन्रिको फर्मी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे ग्रॅफाइट व युरेनियम यांची रास रचून अणूच्या विघटनाची साखळी मानवाच्या इतिहासात प्रथमच सुरू केली आणि हुकमाने थांबविली. अणुयुगाचा जन्म असा स्टॅग यांच्या मैदानाच्या पोटात झाला. त्या बैठका १९५७ साली पाडल्या गेल्या आणि त्या जागी आता विद्यापीठाचे विशाल ग्रंथालय उभे आहे. ते १९७० साली उघडले. आम्ही ग्रंथांचे भक्त. तरीही मुलांच्या पायांखालची जमीन घेऊन तेथे ग्रंथ ठेवले गेले, हे वाचून आम्हांस निर्भेळ आनंद होत नाही. शिकागोतील मुले १९६९ पासून पुन्हा फुटबॉल खेळू लागली, पण ती लहान प्रमाणावर आणि बडेजावाशिवाय. हा मधला मार्ग आम्हांस अधिक शहाणपणाचा वाटतो.

इकडे स्टॉक्टनला म्हाताऱ्याचे काम चालूच होते. १९४३ साली, वयाच्या ८१ व्या वर्षी, देशातील फुटबॉल-शिक्षकांनी आपल्यांतील त्या वर्षीचा सर्वोत्तम शिक्षक म्हणून त्यांची निवड केली. सत्तरीस निरुपयोगी ठरविलेल्या शिक्षकास त्याच्या समव्यवसायी मंडळींनी अकरा वर्षांनी दिलेला हा निकाल होता. परंतु आम्हांस याहूनही थोर वाटते ते पुढचे प्रकरण. १९४६ मध्ये पॅसिफिकनेही त्यांस आता थांबा असे सुचविले. तेव्हा ते पेनसिल्व्हेनियातील ससक्वेहॅना या लहान कॉलेजात गेले. तेथे त्यांचाच मुलगा मुख्य शिक्षक होता. १९४७ पासून १९५२ पर्यंत बापलेकांनी तो संघ मिळून चालविला. १९५१ साली तो एकही सामना हरला नाही. पंचाऐंशीव्या वर्षी मुलाच्या संस्थेत जाऊन त्याच्या बरोबरीने काम करावयाचे, आणि बापपणाचा ताठा आड येऊ द्यावयाचा नाही, हे किती कठीण आहे ते एकत्र कुटुंबात राहणाऱ्या वाचकांस आम्ही सांगावयास नको. कारभार मुलाच्या हाती देऊन किल्ल्या मात्र आपल्याच कमरेस ठेवणारे वडील आपण सर्वांनी पाहिले आहेत.

पुढे पत्नीच्या प्रकृतीसाठी ते स्टॉक्टनला परतले. तेथील एका ज्युनिअर कॉलेजात मुलांस केवळ चेंडूस लाथ कशी मारावी एवढेच शिकविण्याचे काम त्यांनी पत्करले, आणि वयाच्या ९६ व्या वर्षापर्यंत ते केले. ज्याने साऱ्या खेळाची रचना केली, त्याने शेवटी खेळाचा एक लहानसा अवयव शिकवावा! पाणिनीच्या पंक्तीस शोभेल अशा वैयाकरणाने म्हातारपणी बालवर्गास रामशब्द चालवून दाखवावा, तसे ते होते. १९६४ साली स्टेलाबाई गेल्या, आणि पुढच्या वर्षी १७ मार्च रोजी स्टॅग यांचेही देहावसान झाले.

त्यांच्या नावावर ३१४ विजय नोंदलेले आहेत. हा आकडा कित्येक वर्षे अजिंक्य समजला जाई. १९८१ साली अलाबामाच्या बेअर ब्रायंट यांनी तो ओलांडला, आणि नंतर आणखीही काहीजण पुढे गेले. विजयांच्या आकड्यांचे असेच असते. ते ओलांडले जाण्यासाठीच असतात. १९५१ साली अमेरिकेत कॉलेज-फुटबॉलमधील थोरांच्या नामावलीत पहिली नावे घेतली गेली, तेव्हा स्टॅग यांस खेळाडू म्हणून आणि शिक्षक म्हणून असे दोन्ही नात्यांनी स्थान मिळाले. हा दुहेरी मान आम्हांस ३१४ या आकड्याहून मोलाचा वाटतो.

कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकात गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांचा वाद लागतो, आणि थोर शिक्षक कोण याची चर्चा निघते. तेथे कवीने सुचविलेला निर्णय असा की, एखाद्याच्या अंगी कला असते, एखाद्यास ती दुसऱ्यास देता येते. दोन्ही ज्याच्या ठायी असतील तोच शिक्षकांचा मुकुटमणी. त्याच प्रसंगात केवळ पोटासाठी विद्या बाळगणाऱ्यास विद्येचा वाणी म्हटलेले आहे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या या दोन्ही कसोट्या नृत्याच्या शिक्षकासाठी होत्या. चेंडूच्या शिक्षकास त्या जशाच्या तशा लागू पडतात. पहिल्या कसोटीस स्टॅग पूर्णपणे उतरले. दुसरीस ते स्वतः उतरले, परंतु त्यांनी वाढविलेला खेळ उतरला नाही; त्याचा बाजार झाला, आणि बाजाराचा वीट येऊन त्यांच्या विद्यापीठाने बाजाराबरोबर खेळही फेकून दिला. आज अमेरिकेतील कॉलेज-फुटबॉलच्या मोठ्या शिक्षकांस कोट्यवधी डॉलर्सचे वेतन मिळते, आणि खेळाडूंसही आता पैसा मिळू लागला आहे. परंतु ज्या लहान कॉलेजांतून खेळासाठी शिष्यवृत्ती दिली जात नाही, त्यांचा अंतिम सामना १९७३ पासून 'स्टॅग बोल' या नावाने खेळला जातो, हे आम्हांस औचित्याचे वाटते. मोठ्या बाजारास त्यांचे नाव दिले नाही. पदरमोड करून खेळणाऱ्या मुलांच्या सामन्यास दिले.

यातून वाचकांनी काय घ्यावे? फुटबॉल नव्हे, तो तिकडेच बरा. आमचे सांगणे एवढेच की, शिक्षकाचे मोठेपण त्याच्या जागेत नसते, मैदानाच्या पाटीवरील नावात नसते आणि विजयांच्या बेरजेतही नसते. पाटी उतरते, बैठका पाडल्या जातात, आकडे ओलांडले जातात. समोर शिकणारा एक मुलगा उभा आहे आणि आपणांस त्यास देण्यासारखे काही आहे, एवढे ज्यास पुरते, त्याची विद्या कोणत्याही नियमाने निवृत्त करता येत नाही. घरातील ज्या आजोबांस ओसरीवर दिवस जात नाही, त्यांच्यापाशी गणित असेल, पोहणे असेल, पखवाजाचे चार बोल असतील, नाही तर दोरीच्या गाठी मारण्याची हातोटी असेल. ती घेण्यासाठी नातवंडांस त्यांच्याजवळ रोज अर्धा तास धाडावे, आणि आजोबांनीही ती देताना, फार रागावले तरी, 'दुप्पट गाढव' याच्या पुढे जाऊ नये!